मी भात सोडला होता

धानाच्या मुलखातला माणूस मी. जन्मभर बांधीतल्या चिखलात उभा राहिलो आणि म्हातारपणी भात सोडला. हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर पानठेल्यावर बसून मीच त्याला हसलो असतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा लिहिणं जसं जमते तसं लिहितो.

बायको वारली तेव्हा धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. रोवणा तिनं केला, कापणी तिला दिसली नाही. ताप आला, लाखांदूरला दाखवलं, तिथून भंडाऱ्याला नेलं, आणि भंडाऱ्याहून घरी आणली ती पांढऱ्या कपड्यात. त्याच्यावर याहून जास्त मला लिहिता येत नाही.

घरात मग तिघं राहिलो. मी, मुलगा आणि सून. मुलाचं लाखांदूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. सून आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. मुलानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. सून सानगडीची, बौद्ध घरची. आम्ही कुणबी. लग्नाला आमचे भाऊबंद आले नाहीत. मीही तोंड पाडूनच उभा होतो. पण बायकोनं सून घरात आल्या आल्या तिच्या हातून पाणी मागून घेतलं आणि अंगणात सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली. त्या दिवशी माझ्या घरात मर्द म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते मी नव्हतो.

तेरवी झाली, लोक गेले. सकाळी सून ड्युटीवर, मुलगा दुकानात. मी घरात. सून झाकून ठेवून जायची, भात, लाखोळीची दाळ, भाजी. मी झाकण उघडून पाहायचो आणि पुन्हा ठेवून द्यायचो. भूकच लागत नव्हती. कधी चार पोहे तोंडात टाकायचो, कधी चहावर दिवस काढायचो.

शेजारी एक रिटायर मास्तर आहेत. ते एक दिवस म्हणाले, "चाल गा, घरात बसून सडशील. लाखांदूरले एक सर येऊन राहिले. बिनाऔषधीचं आरोग्य सांगतेत."

मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. खुर्च्या भरलेल्या. मास्तर लोक, दुकानदार, पेन्शनवाले, आणि माझ्यासारखे धानवाले पण बरेच. पांढऱ्या कपड्यातले सर माइक घेऊन इकडून तिकडे फिरत होते. म्हणाले, तुम्ही जेवत नाही, तुम्ही विष खाता. भात म्हणजे वाटीभर साखर. पांढरं सगळं सोडा. सकाळी फळं, दुपारी आधी कच्ची काकडी, गाजर, टमाटर, मग थोडं कोदो-कुटकीसारखं भरड धान्य. ज्यांच्या खळ्यावर धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे रचायचे होते ते सगळे माना हलवत होते. मीही हलवली.

कोदोची पिशवी बाहेर विकायला ठेवली होती. वरती हसऱ्या बाईचा फोटो. मला लहानपण आठवलं. धान संपलं की आमच्या घरी कोदो शिजायचा, आणि कोदो शिजला की माझी आई दार लोटून घ्यायची, शेजारणीला दिसू नये म्हणून. आता तोच कोदो शहरातले लोक रांग लावून घेत होते. हसू आलं, पण पिशवी मीही घेतली.

खरं सांगायचं तर मला सरांचं साखर-विष काही समजलं नाही. मी अडकलो ते वेगळ्याच बोलण्यात. शेवटी सरांनी विचारलं होतं, "तुम्ही आज काय खाल्लं, हे तुम्हाला रोज कोण विचारते?" मग तेच म्हणाले, "आमच्या ग्रुपमध्ये आमच्या ताई रोज विचारतील." मी तिथंच मोबाईल काढून मास्तराच्या हातात दिला. म्हटलं, "टाका मले त्याच्यात."

मग माझं सुरू झालं. रोज ताटाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. सत्तरीचा माणूस मी, गोठ्याच्या मागं जाऊन काकडीचा फोटो काढायचो. घरात काढायची लाज वाटायची. एकदा म्हशीचं शेपूट फोटोत आलं तर तिकडून पुण्याच्या कोण्या बाईनं लिहिलं, "किती नैसर्गिक वातावरण!" आणि फोटो नाही टाकला तर त्या ताईचा आवाज यायचा मोबाईलमधून, "काका, आज तुमचं ताट नाही आलं?" तो आवाज मी दोनदा-दोनदा ऐकायचो. बाई मला ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हतो. तरी कोणी तरी वाट पाहून राहिलं आहे असं वाटायचं. शहरातले लोक हे असलं खाणं कशासाठी धरतात मला माहीत नाही. मी धरलं ते याच्यासाठी.

सुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामाजी, तुमची शुगर मीच तपासली ना. काही नाही तुमाले. भात कायले सोडता?"

म्हटलं, "सर सांगतेत."

"सर सांगतेत तर ऐका बापा. माह्यं कोण ऐकते?" हसूनच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर जायच्या आधी माझ्यासाठी काकडी, गाजर, पपई चिरून ठेवायला लागली. फोटोत चांगलं दिसावं म्हणून गोल-गोल मांडून. मी ते खायचो. कोदोची पिशवी फोडलीच नाही, आणि तिनं शिजवलेल्या भाताच्या गंजाला हात लावत नव्हतो. तेव्हा मला त्याच्यात काही दिसलं नाही. दिसायला पाहिजे होतं.

इकडे धान कापणीला आलं. बोडीच्या, म्हणजे आमच्या लहान तळ्याच्या, खालच्या बांधीत बायको दरवर्षी चिन्नोर लावायची, वासाचा बारीक धान. विकायला नाही, घरी खायला. शिजला की वास गल्लीत जायचा. यंदाचा चिन्नोरही तिनंच रोवला होता, ताप यायच्या आधी, कमरेत वाकून, शेवटली मूठ लावेपर्यंत. तो कापला, चुरला, तांदूळ घरात आला.

नवा तांदूळ घरात आला की आमच्याकडे नवं खातात. देवासमोर पान ठेवायचं, गेलेल्यांच्या नावानं पान ठेवायचं, भाऊबंद जेवायला बोलवायचे, आणि पहिला घास घरातल्या मोठ्या माणसानं घ्यायचा. त्यानं घास घेतल्याबिगर कोणी ताटाला हात लावत नाही. दुखवट्याचं वर्ष होतं, सण नव्हते, पण नवं खाल्ल्याबिगर नवा तांदूळ चुलीवर चढवता येत नाही, म्हणून करावं लागलं.

सुनेनं सुटी काढली. आणि यावेळी भाऊबंद आले. माझा लहान भाऊ, त्याची बायको, चुलत घरचे दोघं-तिघं. मुलाच्या लग्नापासून, आचाऱ्यानं रांधलेली तेरवी सोडली तर, आमच्या घरी चहाच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. बायको गेली म्हणून मनं नरम पडली होती. सुनेच्या हातचा भात खायला ते पहिल्यांदा बसले होते. मुलाच्या तोंडावर मला ते दिसत होतं. तो पाण्याचे गिलास पुन्हा पुन्हा नीट करून ठेवत होता.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. सुनेनं चिन्नोर वाढला. वाफ आली, तो वास आला. सगळे माझ्याकडे पाहून राहिले.

माझा हात उठला नाही. ते तिनं रोवलेलं होतं. घशाखाली उतरणार नाही, आणि सगळ्यांसमोर मी लेकरासारखा रडेन, ही भीती होती. रडायची लाज वाटली. म्हणून तोंडातून निघालं, "मी भात सोडला. माह्यं डाएट आहे."

भावानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बायकोकडे. चुलत भावानं हळूच पत्रावळ पुढं सारली. "मोठ्यानंच नाही घेतला तर आमी कसा घ्यावा?" म्हणत उठला. बाकीचेही उठले. कोणाला गाईचं दूध काढायचं आठवलं, कोणाला पाव्हणा येणार होता. बाहेर जाताना त्यांचे खांदे हलके झालेले मला दिसले. त्यांनाही सुटकाच पाहिजे होती. ती मी दिली.

सून भात वाढायचा सराटा हातात घेऊन उभी होती. तिनं भात परत गंजात भरला, एक-एक पत्रावळीवरचा. मुलगा म्हणाला, "बाबा, एक घास नाही घेता आला तुमाले? एक?"

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गेलो. तिथं माझी मस्करी रोजचीच होती. "काय गा डाएटवाले, धान विकतेस अन् काकडी खातेस! या वयात कोणासाठी हिरो बनून राहिला?" मी हसून सोडून द्यायचो. त्या दिवशी चुलत भाऊ तिथं होता. त्यानं मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "चांगली युक्ती काढली गा तू. ना भांडण, ना कोणाच्या तोंडाले लागणं. पोलीस नाही, काही नाही. डाएट म्हटलं की झालं."

मी म्हटलं, "युक्ती कायची?"

तो हसला. "मले कायले शिकवतेस? काकडी चालते तिच्या हातची, भात नाही चालत. आपल्या बापाचा नियम काय वेगळा होता? कच्चं चालते, शिजवलेलं नाही. थोच तर होय."

मी काही उत्तर दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं. तिथं चार माणसं होती, त्यांच्यासमोर "चूप बस" म्हणायला पाहिजे होतं. मी चुना-तंबाखू घेतला आणि घरी आलो. रस्त्यानं माझ्या कानशिलाला आग लागली होती. शिव्या खाऊन माणसाला राग येतो. शाबासकी मिळाल्यावर मान खाली जाते, हे मला तेव्हा समजलं.

घरी आलो तर सून बॅग भरत होती. "सानगडीले जातो मामाजी, चार दिवस," एवढंच म्हणाली. मुलानं नंतर सांगितलं, "चार दिवस नाही. ती साकोलीकडं बदली मागून राहिली. झाली तर मी बी जातो. दुकान तिकडंही चालते."

त्या दिवशी घरात बसून मी पहिल्यांदा नीट विचार केला. सून घरात येऊन इतके वर्ष झाले आणि मी तिच्या हातचा भात किती वेळा खाल्ला? आठवलं तर एकदाही नाही. चूल बायकोच्या हातात होती. सून म्हणायची, "आत्याबाई, आज मी करतो." बायको म्हणायची, "तू ड्युटी करून थकतेस, भाजी निवड तू." मला वाटायचं, सुनेचे लाड करते. आता वाटते, ती मला ओळखून होती. पाणी ती स्वतः प्यायली, पण माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. मी ताट सरकवेन आणि पोरीचा अपमान होईल म्हणून जन्मभर सराटा तिनं स्वतःच्या हातात ठेवला. असं असेल का? विचारायला ती नाही. आणि नसेल तरी मला ते खरं वाटते, याच्यातच सगळं आलं.

मी लाखांदूरहून साकोलीची एसटी धरली आणि सानगडीला उतरलो. व्याह्याचं घर मला शोधावं लागलं. लग्नानंतर मी तिथं गेलोच नव्हतो, बायको जायची. दारावर पंचशीलाचा झेंडा होता. व्याही दोन वर्षांआधी वारले होते, तेव्हाही मी बाहेरून भेटून आलो होतो. विहीणबाई अंगणात लाखोळी पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं.

"या इवाई. रस्ता सापडला म्हणायचा."

टोमणा होता. मी खाली मान घालून बसलो. सून आतून आली, पाणी दिलं, आत गेली.

दुपार झाली. विहीणबाईंनी पाट मांडला. त्यांच्या आणि सुनेच्या ताटात भात, मासोळीचा रस्सा. माझ्यासमोर वेगळं ताट आलं. पपई, काकडी, उकडलेले मूग. पपई बहुतेक शेजारून मागून आणली होती, कारण त्यांच्या अंगणात झाड नव्हतं.

"तुमचं ते वेगळं खाणं हाये म्हणते पोरगी. आमाले काही जमत नाही तसलं. पाहा, चालते काय," विहीणबाई म्हणाल्या. यावेळी टोमणा नव्हता. त्यांना खरंच काळजी होती की पाव्हणा उपाशी राहील. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी ताट बाजूला केलं. सुनेला म्हटलं, "बाई, मले भात वाढ."

सून जागची उठली नाही. म्हणाली, "नाही मामाजी. इथं नाही."

विहीणबाई म्हणाल्या, "अवं, मागते माणूस तर वाढ ना!"

"तू थांब आई." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "इथं खाल्लं तर कोणाले दिसते? इथं तुमाले कोण विचारणार आहे? तुमी तिथं नाही म्हटलं, सगळ्यांसमोर. मी हातात सराटा घेऊन उभी होतो. पूर्ण गावानं काय समजायचं ते समजलं. दुसऱ्याच दिवशी उपकेंद्रात पोरं घेऊन आलेल्या बाया मले विचारत होत्या, सासरा तुझ्या हातचं खात नाही काय म्हणून. तर तिथंच खा."

मी म्हटलं, "मी त्याच्यासाठी नाही म्हटलं नाही. तो चिन्नोर तुझ्या आत्याबाईनं रोवला होता. माह्या घशाखाली नसता उतरला."

तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच होता. "हे खरं आहे?"

"अर्धं खरं आहे."

"अन् बाकीचं अर्धं?"

चुलत भावाचा हात अजून माझ्या खांद्यावर आहे असं वाटत होतं. म्हटलं, "बाकीचं मलेच नाही माहीत, बाई. नव्हतं असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही."

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं आता ही पोरगी उठून जाईल. तिनं रस्सा ओतून घेतला आणि म्हणाली, "खोटं बोलले असते तर मी आलीच नसतो. रविवारी येतो. त्याच लोकायले बोलवा. तुमी जाऊन बोलवा, तुमच्या पोराले नका पाठवू."

मी पपई खाल्ली. ती उष्टी टाकणं आणखी वाईट झालं असतं.

घरोघर गेलो. एका-एका दारात उभं राहून म्हटलं, "रविवारी नवं खायचं आहे. सुनेनं शिजवलेलं. मी पहिला घास घेणार आहे." लोकांना दोनदा नवं खाण्याची गंमत वाटली. एक जण म्हणाला, "डाएट सुटला काय गा?" मी म्हटलं, "सुटला." चुलत भावाच्या दारी सगळ्यात शेवटी गेलो. त्याला सांगितलं, "तू म्हणाला थे युक्ती नव्हती. अन् असंल तर माही लाज आहे, शाबासकी नको देऊ." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसे मी त्याच्या वावरात बैल सोडले.

रविवारी लहान भाऊ आला, त्याची बायको आली. अर्जुनीकडून माझी साळी आली. भंडारा जिल्हा तुटल्यापासून ती स्वतःला गोंदियावाली म्हणते, पण बहिणीच्या घरच्या नव्याला हजर झाली. चुलत घरचा एकच पोरगा आला. चुलत भाऊ दारापर्यंत येऊन म्हणाला, "पोट बरं नाही," आणि गेला. सगळं गाव जमलं, सगळ्यांनी खाल्लं, असं काही झालं नाही. चार पत्रावळी रिकाम्याच राहिल्या.

सुनेनं वाढलं. मी घास घेतला. रडू आलं. येऊ दिलं. आधीच्या वेळी हेच येऊ दिलं असतं तर एवढं झालंच नसतं, पण तेव्हा मला रडण्याची लाज मोठी वाटली आणि तिच्या अपमानाची नाही.

भात गिचका झाला होता. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, तिला अंदाज आला नव्हता. मी नाक पुसून म्हटलं, "पाणी जास्त झालं."

भाऊ खाली मान घालून हसला. सून म्हणाली, "अजून शिकून राहिली ना मामाजी. मले कोणी हात लावू दिला का गंजाले?" साळीनं तिच्या पाठीवर हात फिरवला. मग भावानं भात कालवला.

त्याला आता दोन पावसाळे झाले. सून घरीच आहे. भात तीच शिजवते आणि मी खातो. ड्युटीवर जाताना विचारत नाही मी काय खाणार म्हणून, झाकून ठेवून जाते. मी खाल्लं की नाही ते संध्याकाळी गंज पाहून तिला समजते. चुलत भावाचं घर बंद आहे आमच्यासाठी, आमचंही त्याच्यासाठी. पानठेल्यावर मी आता कमी जातो.

साकोलीची बदली तिनं मागे घेतली की अजून मागून ठेवली आहे, मला माहीत नाही. मुलाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण त्याला विचारणं म्हणजे सुनेच्या पाठीमागून विचारणं, आणि तिला समोरून विचारायला जे तोंड लागते ते माझ्याजवळ नाही.